कळ

सोहारमध्ये भाड्याची खोली, एसीची घरघर.
अंगठ्याएवढं सिलिकॉनचं यंत्र, आठवा साचा.
सातवा टोचला, तेव्हा झुवैना म्हणाल्या,
"हे कुण्या पुरुषानं घडवलं?"
मीच घडवलं होतं.

फॉर्म विचारतो: दुखणं, शून्य ते दहा?
नऊ वर्षं डॉक्टर म्हणत आले, काही नाही.
"मग काही-नाहीला किती गुण द्यायचे?"

त्यांचा अरबी शब्द मला समजला नाही;
ओटीपोटावर हात गेला, मूठ वळली.
वहीत लिहिलं: कळ.

यंत्राला आता एकच बटण.
चिपळूणला आई त्यालाही कळच म्हणायची,
कळ दाब गं, दिवा लागेल.

झुवैना दाबतात.
आम्ही घड्याळाकडे बघत नाही.
मूठ वळलेलीच आहे अजून,
करंगळी तेवढी सुटलीय.