वारसांस कळविण्यात येते की

भूपालकाका गेले, आणि दहा दिवसांत
त्यांच्या मोबाइलवर जेवढे फोन आले
तेवढे ते असताना वर्षात आले नसतील.
"भूपाल सरांशी बोलायचं होतं."
मुलगी. आवाज गोड. तिच्यामागे शंभर आवाजांचा कल्ला.
वारले, मी म्हटलं.
"ओके मॅम. मग हप्ता कधीपर्यंत भरतील?"

राजवाडा चौकात, कोर्टाच्या भिंतीला लागून
पस्तीस वर्षं काका लोकांच्या नोटिसा टाइप करायचे.
सदर रक्कम सात दिवसांचे आत न भरलेस
तुमचेविरुद्ध योग्य ती कायदेशीर.
पुढचं बोटांनाच पाठ होतं,
काका तोवर चहावाल्याशी बोलत असायचे.
मग गाळा घेतला भाड्यानं, रंगीत झेरॉक्सचं मशीन घेतलं:
पतसंस्थेचे अडीच लाख, वर ॲपवरचे,
वर भिशी, दोनदा उचललेली.
एकोणीसच्या पुरात कृष्णा गाळ्यात आली
आणि आठवडाभर उठली नाही.
रेघ अजून आहे भिंतीवर. माझ्या गळ्याशी येते.

पतसंस्थेची नोटीस मी दोनदा वाचली.
"येणेबाकी"च्या आधी दोन मोकळ्या जागा.
ही काकांची खोड.
कधीकाळी त्यांनीच करून दिलेला मसुदा,
अजून तोच चालतोय. नाव तेवढं नवं घातलेलं,
तेही जरा तिरकं बसलं होतं.

कुंभोजकर वकीलबाई म्हणाल्या,
जेवढं मिळालं तेवढ्यापुरतंच देणं लागता, त्रिशला.
यादी करा.
केली. टाइपराइटर एक, "ळ" अडकतो.
स्कूटर एक, बॅटरी नाही.
कार्बन पेपर, अर्धा पुडा.
बाईंनी चष्मा काढला. "सुटलात की.
फक्त आपणहून एक रुपयाही भरू नका कुठं."

वसुलीचा पोरगा आला, तासगावकडचा.
बूट दारात काढले, पाणी मागितलं.
"ताई, भेट दिली म्हणून फोटो टाकायला लागतोय.
तुम्ही नका उभारू पाहिजे तर.
त्यांचा हारातला येऊ दे."
मी भिंतीवरची तसबीर उतरवून धरली.
त्यानं दोन काढले, एकात माझा अंगठा आला.

भिशीच्या बायका रडल्या, खरंच रडल्या,
आणि जिना उतरता उतरता एकीनं विचारलं,
स्कूटरचं काय ठरवलंयस?

दस्तगीर जमादार आले ते मात्र संध्याकाळी.
पाटबंधारे खात्यातून शिपाई म्हणून निवृत्त.
भडंगाचा पुडा आईच्या हातात दिला,
खुर्चीच्या कडेला बसले,
गुडघेदुखीचं विचारलं, आमच्या नळाचं विचारलं.
पैशाचा विषय नाही.
मी नोटिशीचं दुसरं पान पाहिलेलं होतं.
जामीनदार क्रमांक एक.
कायद्यानं मला सोडलं, ते यांना सोडून नव्हे.
पेन्शनीतून दरमहा बत्तीसशे, या महिन्यापासून.

"तुम्ही वाचलं नव्हतं का हो, चाचा?"
"काय वाचायचं? टाइप त्यानंच केलं हुतं.
पेन्सिलीनं फुली मारून ठेवली हुती,
हितं कर म्हणाला. केली."
चहाचा कप त्यांनी स्वतः मोरीत नेऊन विसळला.
आई नको नको म्हणत राहिली.

स्कूटरचे साडेसहा हजार आले.
भिशीला कळायच्या आत,
वकीलबाईंना न सांगता मी पतसंस्थेत गेले.
दोन महिने तरी, एवढाच हिशेब डोक्यात.
कॅशियरनं स्लिप सरकवली.
भरणा करणाराचं नाव. लिहिलं.
नातं.
"पुतणी."
"कुणाची? मयताची, का जामीनदाराची?
कर्जखात्यात घेऊ, का त्यांच्या कपातीत वळतं करू?"
मागे रांग होती. पंखा स्लिपा उडवत होता.
त्यांच्या, मी म्हटलं.
"मग सही करा."

मी स्लिप उजेडाला धरली.
फुली कुठंच नव्हती.
अंदाजानं केली.