क च्या शेजारी त

उदगीरच्या बसस्टँडसमोर माझं दुकान,
टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आठ मिनिटांत.
लग्नाच्या हंगामात मी गणपतीला
दिवसातून चाळीसदा प्रसन्न करतो.

शेवंताबाई बिराजदारांची कादंबरी मीच टाइप केली.
नर्स होत्या त्या, हाळीच्या उपकेंद्रात.
लसीकरणाच्या रद्द रजिस्टरांच्या पाठकोऱ्या बाजूला
निळ्या पेनानं तीनशे बारा पानं.
पानाला बारा रुपये घेतो मी, त्यांना दहानं लावले.

मधल्या बोटाखाली क. अनामिकेखाली त.
इनस्क्रिप्ट शिकलेला माणूस झोपेतही चुकायचा नाही.
पण त्या दुपारी लाईट गेलेली,
इन्व्हर्टर टुकटुकत होता,
आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एकजण
काउंटरवर वाकून माझ्या कानात श्वास सोडत उभा.
बाईंनी लिहिलं होतं,
रिकाम्या रांजणात तिनं हात घातला.
माझं बोट एक घर अलीकडं पडलं:
हाक घातला.

मुद्रितं तपासली इनायतुल्ला मास्तरांनी.
बत्तीस वर्षं मराठी शिकवलेली,
घरात दखनी, बाजारात कानडी,
व्याकरणात कुणाच्या बापाचं ऐकणार नाहीत.
त्यांनी हाक तशीच ठेवली
आणि लाल शाईनं क्रियापद स्त्रीलिंगी केलं.
हाक घातली.
पुस्तक निघालं. दीडशे प्रती लातूरच्या गोदामात पडून,
काही उंदरांनी वाचल्या.

मग हैदराबादच्या एका बाईंनी इंग्रजी केलं,
मग कुठल्याशा थंड देशाच्या बक्षिसाचा अर्ज,
जगातल्या कोणत्याही भाषेतल्या पुस्तकाला म्हणे.
तोही मीच भरला.
कोणत्याही भाषेतलं, पण अर्ज इंग्रजीत.
यादीत मल्याळम, माल्टीज, माओरी,
आणि मग आपण.

गुरुवारी मेल आली. मिळालं.
दीड पानाचं मानपत्र, त्यात कादंबरीतलं एकच वाक्य
तिरप्या अक्षरांत उचललेलं.
मी मोबाईलला त्याचं मराठी विचारलं.
तिने रिकाम्या भांड्यात फोन केला,
मोबाईल म्हणाला.
हसलो. मग ओळखलं,
आणि हसू घशात आडवं झालं.

चार दिवस कुणाला बोललो नाही.
मास्तर तर गेल्याच रमजानात गेले,
त्यांच्या लाल पेनाला विचारायचं कसं?
पेपरवाले येऊन गेले. नगरपालिकेनं फ्लेक्स लावला,
तोही माझ्याकडेच डिझाइनला आला.
शेवंताबाईंचं आडनाव मी सहा वेळा तपासलं.

व्हिसाच्या कागदांच्या झेरॉक्सला त्या आल्या तेव्हा
मशीन गरम होईस्तोवर सांगून टाकलं.
बाई, तुमचा हात होता. हाक माझी चूक.
त्या पदरानं चष्मा पुसत राहिल्या बराच वेळ,
मला वाटलं आता ओरडतील.
"माझी माय दोन्ही करायची," म्हणाल्या.
"आधारची मागून-पुढून काढ. तीन-तीन."

रात्री शटर ओढून घरी आलो.
रांजण कुठला आता? गच्चीवर
पाचशे लिटरची काळी टाकी.
झाकण उचललं. आत किती आहे, अंधारात कळेना.
बाही वर केली होती खरं तर.
पण आजूबाजूला कुणी नाही बघून
तोंडच खाली नेलं.
कुणाचं नाव घ्यायचं ते ठरलं नव्हतं,
नुसताच आवाज गेला आत
आणि ओला होऊन, जरा जाडसर होऊन
परत आला. कुठल्या भाषेत, कोण जाणे.

पलीकडच्या गच्चीवरून मुक्कावारकाकू ओरडल्या,
"कामून हो, काही पडलं का टाकीत?"