निस्तरणं

ना दार, ना भिंत, ना आडोसा.
बॉयलर आणि धुण्याच्या मशीनच्या मध्ये
उघड्या सिमेंटवर एकटंच बसलेलं कमोड.
पिट्सबर्गच्या या टेकडीवर जुन्या घरांची तळघरं अशीच.
पोलादाच्या कारखान्यातून बाबा
मागच्या दाराने थेट इथेच उतरायचे.
बूट, काजळी, शिव्या
सगळं खालीच काढून ठेवायचे
आणि मग वर जेवायला यायचे,
ओल्या केसांचे, जवळजवळ अनोळखी.

आई पाहुण्यांना सांगायची, खाली काही नाही.

काढून टाकू या म्हटलं की बाबा म्हणायचे, राहू दे.
गटार तुंबलं की आधी इथे वर येतं.
इथे सिमेंट आहे, वर तुझा गालिचा.
कुणीतरी एकाने सगळ्यात खाली बसायला हवं.

यंदा जूनमध्ये तीनदा आलं.
पहिल्यांदा नुसते बुडबुडे, घसा खाकरल्यासारखे.
दुसऱ्यांदा काळं पाणी,
आणि त्यात मक्याचे दाणे.
आमच्याकडे महिनाभर कुणी मका खाल्ला नव्हता.
ज्याचं त्याने निस्तरावं म्हणतात,
पण एकदा पाण्यात मिसळल्यावर
ज्याचं त्याचं ओळखायचं कसं?
तिसऱ्यांदा मी पायरीवर उभी राहून मोजत होते,
नाताळच्या खोक्यांपासून पाणी किती बोटं दूर.
रोलंड फोनवर म्हणाला, विकून टाक.
रोलंड फिनिक्सला राहतो. वाळवंटात. तिसऱ्या मजल्यावर.

लामाँटने नळात कॅमेरा सोडला,
बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.
तुमचा नळ ठणठणीत आहे, म्हणाला,
दुखणं रस्त्याखाली.
पाऊस आणि मैला एकाच गटारातून जातात,
जोराची सर आली की जे मावत नाही ते घरं शोधत निघतं.
झडप बसवू. बाहेरचं आत येणार नाही.
पण ती मिटलेली असेल तेव्हा
तुमचंही बाहेर जाणार नाही, हे लक्षात ठेवा.

झडपेतच पैसे संपले.
कमोड मीच बदललं.

गंजलेले दोन बोल्ट. करवतीचं पातं चाळीस मिनिटं.
टाकीतलं उरलेलं पाणी स्पंजने टिपलं,
मग दोन्ही हातांनी कवटाळून डोलवलं,
तेव्हा कुठे जमिनीने ते सोडलं,
चिखलातून बूट निघावा तसा आवाज करत.
भोकात जुना टॉवेल कोंबला,
कारण तिथून येत होता
साऱ्या टेकडीचा श्वास.

खाली मेणाची कडी. तपकिरी, कडक झालेली.
तिच्या एका कडेला अंगठा उमटलेला,
रुंद, मधोमध आडव्या जखमेची रेघ असलेला.
ती रेघ मी ओळखते.
तो ठसा मी जपून ठेवला असं सांगायला आवडलं असतं.
पण जुनं मेण राहिलं तर नवी कडी बसत नाही.
चाकूने खरवडलं.
मग नवीन कमोड सरळ खाली उतरवलं,
एकदा टेकल्यावर उचलायचं नाही म्हणून श्वास धरून,
आणि वर बसले,
कपड्यांसकट, सगळं वजन टाकून,
रिकाम्या तळघरात, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

ऑगस्टमधल्या त्या रात्री झडप मिटली.
फरशीखाली एक टक, बस्स.
टॉर्च घेऊन तासभर उभी होते.
कोरडं. जाळ्यासुद्धा कोरड्या.
मी वर जाऊन झोपायला हवं होतं.

एक वाजता शेजारच्या तळघरात दिवा लागला.
मिसेस टिबेट्स, वय एक्याऐंशी,
नाइटगाऊन आणि नवऱ्याचे गमबूट,
घोट्यापर्यंत पाण्यात.
तुमच्याकडे आलं नाही? त्यांनी विचारलं.
यावेळी नाही, मी म्हटलं,
आणि दुसरी बादली उचलली.

सात पायऱ्या चढून दारापर्यंत आलो.
बाहेर पाऊस, रस्ता भरून वाहतोय.
बादली हातात धरून दोघी उभ्या राहिलो.
ओतायची कुठे,
ते दोघींनाही सुचेना.