नमुना प्रत

फळ्यावर समीकरण अर्धं लिहिलं होतं,
तेवढ्यात तांबे शिपाई दारात येऊन म्हणाला,
बाई, पुस्तकवाले गेले.
मी म्हटलं, अरे थांबव त्यांना,
नववीच्या वीस प्रती सांगायच्यात.
तांबे हलला नाही.
म्हणाला, तसे नाही गेले, बाई.

सव्वीस वर्षं ते विक्रोळी स्टेशनापासून चालत यायचे,
खांद्याला खाकी पिशवी,
तिचा एक पट्टा हिरव्या दोऱ्याने शिवलेला.
स्टाफरूममध्ये खुर्ची सरकवली तरी टेकत नसत.
"बसलं की विक्री सुरू होते;
उभा आहे तोवर पाहुणा."
पुठ्ठ्यावर टिचकी मारून कान लावायचे,
फणस पिकला का बघतात तसे.
"ही बांधणी दिवाळीपर्यंत टिकेल.
पुढचं मी सांगत नाही."
आणि एका वर्षी चक्क,
"भूमिती त्या दुसऱ्या कंपनीचीच घ्या,
आमची वर्तुळं यंदा अंडाकृती आलीत."

सत्तेचाळीसाव्या पानावर उत्तर चुकलेलं होतं.
अठरा नाही, एकवीस.
वीसच्या वीस प्रतींत त्यांनी ते
पेन्सिलीने दुरुस्त करून आणलं होतं,
छापील आकड्यावर एक बारीक, सभ्य रेघ मारून.

नाव कुणाला माहीत होतं?
तिरोडकर, बस.
मैदानात पीटीचे सर ओरडायचे,
सावधान!
विश्राम!
आणि फाटकातून आत येणारे तिरोडकर
पाऊल थबकवून स्वतःशीच हसायचे.
आम्हाला वाटायचं, शाळा आठवत असेल.
दहाव्याच्या पत्रिकेवर वाचलं:
कै. विश्राम लक्ष्मण तिरोडकर.

काळाचौकीला गेलो, मी आणि तांबे.
खोलीत एकही पुस्तक नव्हतं.
त्यांच्या हेमांगीने दाढीच्या सामानाच्या खणातून
एक रबरी शिक्का काढला,
सोबत सुकलेलं जांभळं पॅड.
"कंपनीचा असेल तर परत करायला हवा ना?"
कंपनीचा नवा मुलगा आला होता, इस्त्रीच्या शर्टातला.
त्याने शिक्का खिडकीकडे धरला,
उलटी अक्षरं सावकाश सुलटी वाचली:
नमुना प्रत. विक्रीसाठी नाही.
"आमचा नाही हा," तो म्हणाला,
"आमच्या नमुन्यांवर हे छापूनच येतं."

चहा आला, तो कुणी उचलला नाही.

दर जूनला ते खालच्या आवाजात विचारायचे,
"यादी झाली का हो?"
फीमाफीच्या मुलांची यादी मीच द्यायचे.
"गोडाऊनमध्ये नमुने पडून असतात नुसते,
वाळवी खाण्यापेक्षा मुलं वाचतील."
आणि डावीकडे जरा कललेला तो जांभळा शिक्का
आमची पोरं वर्षभर बिनधास्त मिरवायची.
फुकटातल्या नमुन्याचे कोण आभार मानतं?
एका वर्षी तर मी रागावले होते,
सात जणांना मिळाली, आठव्याला का नाही म्हणून.
"मोजताना चुकलो," म्हणाले, मान खाली घालून.
दुसऱ्या दिवशी आठवी प्रत आली.
शाई ओली होती.
माझ्या बोटाला लागली.
मी ती साबणाने धुतली
आणि तासाला गेले.

येताना बसमध्ये पत्रिकेच्या पाठीवर मांडून पाहिलं:
सव्वीस जून, दरसाल नऊ-दहा मुलं,
किंमत वाढत गेलेली,
कमिशन जिथल्या तिथे.
आणि आमची शाळा काही एकटीच नव्हती त्यांच्या वाटेवर.
तीनदा बेरीज केली, तीनदा वेगळी आली.
गणिताची बाई मी,
हातचा कुठे धरला तेच विसरत होते.
तांबे म्हणाला, राहू द्या बाई, कन्नमवार नगर आलं.

उद्या नववीला सत्तेचाळीसावं पान आहे.
नव्या आवृत्तीतही अठराच छापलंय.
पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय.
वीस प्रती आहेत.