कुणाला ठाऊक असल्यास

रॉयस्टनच्या घराची चावी माझ्याकडे असते.
रविवारी खिडक्या उघडायच्या, कपाटाला वाळवी नाही ना बघायचं,
आणि तबकड्या वाजवायच्या, निदान एकेक बाजू.
"नाहीतर बुरशी धरतात, टीचर,"
तो स्विंडनहून फोनवर सांगतो,
गोदामात रात्रपाळीला जाता जाता, तोंडात घास.

एक, दोन, तीन, पाच, सहा.
चौथा खंड त्याला कधी मिळालाच नाही.
तिथल्या धर्मादाय दुकानात, जुन्या कोटांखाली,
पौंडाला एक अशा मिळाल्या.
केरूबीन तेव्हा होती. म्हणाली,
पंचवीस किलोंच्या सामानात तू हे आणलंस?

हळदोण्याच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं
मी पाढे घेतले, कवायत घेतली.
म्हणून पहिल्यांदा सुई टेकली तेव्हा
एवढंच कळलं की पोरगा चार आकडे मोजतो
आणि तो चारावर पोचायच्या आत बाकीचे सुटतात.
असले माझ्याही वर्गात होते.
पुढचं काय ते देव जाणे.
पत्र्यावर नारळ पडावेत तसा ड्रम,
गिटार सुरात नाही, गळा त्याहून नाही,
दीड मिनिटात उरकलं,
आणि शेवटी कुणीतरी हसलं, ते तसंच ठेवलंय.

बास्तियांव पोदेर सायकल थांबवून विचारतो,
"कोणाचं भांडण गे, बाय?"
चार पोरांचं, म्हटलं. अठ्ठ्याहत्तर सालचं.
त्याने दोन पाव कठड्यावर ठेवले आणि भोंगा न वाजवता गेला.

वेष्टनामागची बारीक अक्षरं मी भिंगातून वाचते.
गॅस मीटर्स. एकच गाणं. साडेतीनशे प्रती,
कागदी पिशव्या आईने डकवलेल्या.
मिसेस पार्किन. ही चार मुलं,
पार्किनबाई त्यांच्या शाळेची स्वयंपाकीण.
दोनशे प्रती, त्यातल्या शंभर पलंगाखाली भिजल्या.
ड्रमवाला हल्ली नळ दुरुस्त करतो, बरा आहे.
द अदर क्यू. गायिका, वय सोळा.
पुढे काय झालं माहीत नाही.
कुणाला ठाऊक असल्यास कळवावे.
खाली पत्ता. तोही तीस वर्षांपूर्वीचा.

तिचं गाणं तिसऱ्या खंडात, दुसऱ्या बाजूला, पाचवं.
मी रॉयस्टनला विचारलं, काय म्हणते रे ती?
म्हणाला, ती म्हणते,
मी रांगेत नाही, मी नुसती उभी आहे.
आणि मग तो थोडा वेळ बोलला नाही.
पणजीला पोर्तुगालच्या वकिलातीबाहेर
तो अकरा सकाळी उभा होता, आजोबांचा जन्मदाखला घेऊन.
डबा मी द्यायचे.

आषाढात पहिल्या खंडावर पांढरं आलंच.
रिठ्याच्या पाण्याने पुसलं, सावलीत वाळवलं,
त्याला सांगितलं नाही.
आता मिसेस पार्किन मध्येच एक ठोका गिळतात,
पण त्या आधीपासूनच गिळत असाव्यात.

घरी जुन्या हजेरीपटाची कोरी पानं होती.
सहज लिहायला बसले.
फुर्तादांचे दोघे, लेस्टर. घराला कुलूप, विहिरीवर जाळी.
कामिलची सून, आधी कुवेत, मग नीट कळलं नाही.
पेद्रू, व्हायोलिन, फेस्ताला एकदाच वाजवलं,
फार वाईट वाजवलं,
मग बोटीवर गेला.
कुणाला ठाऊक असल्यास, एवढं लिहिलं
आणि पत्ता कुणाचा द्यावा ते सुचेना.

काल रात्री त्याचा फोन. चौथा सापडला, टीचर!
पण ऐकणार कशावर?
तिथे एका खोलीत पाचजण, यंत्र इथे.
म्हटलं, वाच. सावकाश वाच, मी उतरून घेते.
शुद्धलेखन मी आयुष्यभर घातलं,
कुणी मला घातलं नव्हतं.
तो एकेक नाव दोनदा उच्चारत गेला,
गाव, साल, किती प्रती,
मागे कुठेतरी फोर्कलिफ्ट पीं पीं करत मागे सरत होती.
अकराव्या नावाशी त्याची सुटी संपली.
"उरलेली उद्या," म्हणाला.

अकरा हा आकडा घालून मी समोर जागा सोडली आहे.