काडी

सासऱ्यांनी सांगलीहून काड्या आणल्या
ओल्या गोणपाटात गुंडाळून, एसटीच्या शेवटच्या बाकाखाली.
पिंपळगावला उतरेपर्यंत दोनदा पाणी शिंपडलं म्हणे,
एकदा तर कंडक्टरच्याच बाटलीतलं.
आमच्या वाट्याला त्यातल्या निम्म्याच.
बाकीच्या बांधापलीकडे केदू जोंधळ्याच्या बापाला,
खालच्या आळीत, कादवेपल्याड मामांकडे,
आणि दोन त्या कंडक्टरला.
ओझरला त्याच्या अंगणात अजून मांडव आहे.

त्याला कोणी दान म्हटलं नाही.
काडीची किंमत नाही, असं म्हणायची पद्धत होती
आणि तेव्हा ते खरंही होतं.

आता आमच्या दोन एकरांत जी जात आहे
तिला नाव आहे, पण ते दुसऱ्याच्या मालकीचं.
बारा पानी करार. मी सातवी शिकलेली,
तरी सगळा वाचला, बोट ठेवून.
आठव्या पानावर: छाटणीची काडी
देऊ नये, विकू नये, लावू नये, बाळगू नये.
'बाळगू नये'वर बोट जरा थांबलं.
मग सही केली.

खोटं कशाला बोलू,
पैसे दहाव्या दिवशी खात्यात येतात.
पूर्वी व्यापारी बागेत शिरून
मणी तोंडात टाकायचा, थुंकायचा, भाव पाडायचा.
हल्ली एक मुलगी येते टोपी घालून,
मण्यावर अठरा मिलिमीटरची रिंग चढवते,
साखर यंत्रावर बघते, आकडा मलाही दाखवते.
अवकाळीत मणी पहिल्यासारखा तडकत नाही.
धाकटीची फी भरली. न्हाणीला फरशी झाली.
पेठहून विरळणीला येणारी सोमी म्हणते,
ताई, या घडात कात्रीला कामच नाही,
आणि हसते,
आणि जरा वेळाने विचारते
पुढच्या साली किती जणी लागतील.

केदूचा एकच एकर.
दोन एकरांखालचा माणूस कंपनीला परवडत नाही,
साहेब हे हसून म्हणाले, रागावून नाही.
डॉगरिजचे खुंट त्याने लावून ठेवलेत,
भाद्रपद उतरत आला, कलमाला काडी नाही.
संध्याकाळी आला. चहा घेतला.
पावसाचं बोलला, म्हशीच्या कासेचं बोलला,
आणि चपला घालता घालता म्हणाला,
वहिनी, वीस-पंचवीस काड्या. कोणाला कळतंय?

खरंच, कोणाला कळलं असतं.
मी म्हटलं, ह्यांना विचारते.
हे घरातच होते.

छाटणी झाली. कंपनीचा पोरगा मोबाईल घेऊन आला.
ढिगाचा फोटो, ढिगासोबत माझा फोटो,
कुठल्या गटात उभी आहे ते फोटोतच उमटतं.
मग म्हणाला, लावा काकू.
मी काडी ओढली. काड्यांना काडी लावली.
ओल्या होत्या, जळण्यापेक्षा धूरच फार,
वाराही नेमका पलीकडचा.
केदूने दोरीवरची चादर काढून घरात नेली.
एवढंच केलं त्याने.

नवरा-बायकोचं बिनसलं तर काडीमोड म्हणतात.
बांधाचं काय म्हणतात, माहीत नाही.

अर्धवट जळका ढीग तसाच पडून होता.
चौथ्या दिवशी केदूची सुगंधा टोपली घेऊन
बांधापर्यंत आली. बांध ओलांडला नाही.
गॅस संपलाय, म्हणाली,
जळणाला तरी नेल्या तर चालतील का ह्या?

आणि मी, जिच्या सासऱ्यांनी
कंडक्टरलाही दोन दिल्या,
मी पदराला हात पुसले
आणि फोन लावला, विचारायला.
आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,
गोड आवाजात कोणी सांगत राहिलं.
सुगंधा टोपली पालथी घालून
तिच्यावर बसली.