नमुन्याचे डबे

चार हजार डब्यांमागे ऐंशी उघडायचे.
दोन खराब निघाले तर चालतं.
तिसरा निघाला की अख्खी खेप मागे.
नियम मी केलेला नाही,
खाली सही मात्र माझी असते.

पेनीशला समुद्र तिन्ही बाजूंनी येतो,
सार्डिनच्या कारखान्याच्या काचांवर मिठाची साय धरते.
मी यादृच्छिक आकड्यांचा कागद घेऊन
पेट्यांमधून हिंडते:
सतरावी पेटी, तिसरा थर, डावीकडून पाचवा.
माझ्या आवडीचा डबा मला उचलता येत नाही.
आवड म्हणजे पूर्वग्रह,
असं लिस्बनला शिकवलं होतं.

शितावरून भाताची परीक्षा, ठीक.
पण शीत चेपलं तरी भात उरतोच पानात.
इथे ज्याची खात्री पटली
तो डबा विकता येत नाही,
आणि जो विकायचा
त्याच्याबद्दल नुसते टक्के.

उघडलेले ऐंशी दुपारी जेवणात येतात.
पाव, कांदा, थोडं व्हिनेगर.
सगळे मिळून माझा पुरावा खातात.

देओलिंदा एकोणतीस वर्षं
झाकणांवर लाकडी चमचा वाजवतेय.
टक. टक. टक.
मग मध्येच थांबते. "ही खेप नको."
का, विचारलं तर म्हणते, "बद्द वाजतंय."
बद्दसाठी माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

मार्चमध्ये तिनं एक खेप नको म्हटली.
माझ्या ऐंशीत एकच खराब.
फिर्मिनोसाहेब दारात उभे, बाहेर मार्सेलीचा ट्रक घुरघुरत.
"आकडा काय म्हणतो?"
आकडा म्हणाला, जाऊ द्या.
जूनमध्ये दोनशे बारा डबे फुगून परत आले,
भाड्याचं बिलही आमच्याच नावावर.

आकडा खोटं बोलला नव्हता.
इतकी वाईट खेप
पाचांत एकदा माझ्या जाळीतून निसटणार,
हे त्यानं आधीच सांगून ठेवलेलं.
मीच ते बारीक अक्षरात छापलं होतं.

मग मी वही केली, तिला न सांगता.
ती काय म्हणाली ते लिहायचं,
आणि त्याच खेपेचे जादा दोनशे डबे फोडायचे.
अडतीस खेपा.
कारखान्याला मासे खाऊन वीट आला,
मांजरं जाड झाली.
तिनं अकरा नाकारल्या होत्या,
त्यातल्या दहा खरोखर नासलेल्या.
नुसत्या नशिबानं असं घडण्याची शक्यता
काढताना दशांशचिन्हापुढे इतकी शून्यं आली
की मी पेन्सिल खाली ठेवली.

साहेब खूश. आलेख फलकावर लावला,
वर तिचं नाव, खाली टक्के.
देओलिंदा बराच वेळ बघत उभी राहिली,
जसा कुणी आपलाच एक्स-रे बघतो.

त्यानंतर ती एकेक झाकण दोनदा वाजवू लागली.
मग तीनदा.
बोलण्याआधी माझ्याकडे बघायची.
ऑक्टोबरात नऊ नाकारल्या, पाच बरोबर.
एवढं तर नाणंही सांगतं.

एकदा पाव तेलात बुडवता बुडवता म्हणाली,
"मलाही उघडलंस ना, पोरी."
रागानं नव्हे. पाव चावत.

आता जेवणाच्या सुट्टीत मी मुद्दाम बाहेर थांबते.
वही खणात.
भिंतीपलीकडे ती एकटी असते, पेट्या असतात.
मी मोजत नाही म्हणते,
तरी आतून कोणीतरी मोजतंच.
काल आठव्या टकनंतर
आवाज बदलला. किंवा मला तसा वाटला.
दोन वाजता आत गेले.
माझ्या ऐंशीत खराब: शून्य.
ट्रक उभा होता.

खेप थांबवली.
फॉर्मवर कारणाच्या रकान्यात
पहिल्यांदाच आकडा न घालता
लिहिलं: बद्द.
आणि सही केली, थोडी वाकडी आली.